ठकूबाईच्या दारची दोरी

शके पंधराशे अठ्ठ्याण्णव, वैशाख शुद्ध दशमी. उन्हाळा ऐन भरात होता आणि तलाव तळाला गेला होता. त्या दिवशी एका नगरात जे घडले ते असे.

हे नगर तांबटांचे. शंभर घरांत दिवसभर तांबे ठोकले जाई. घागरी, हंडे, पराती सगळ्या मुलखात इथूनच जात. पण ठोकून ठोकून माणसे बहिरी होत, तान्ही मुले झोपत नसत, आजारी माणसाला आराम पडत नसे. तेव्हा जुन्या लोकांनी एक नियम केला. शांतता ही प्रत्येक घराच्या मालकीची. ज्याला ती मोडायची असेल त्याने ती त्या घराकडून उसनी घ्यावी, आणि जेवढी घेतली तेवढी परत करावी.

उसनी घ्यायची रीत ठरलेली होती. बांधकाम असो, लग्न असो, जत्रा असो, आवाज करणाऱ्याने आपले हत्यार घराच्या उंबऱ्यावर ठेवायचे. गवंड्याने हातोडा, ढोलवाल्याने टिपरू. घरच्या माणसाने ते उचलून हातात दिले तर परवानगी मिळाली. तसेच पडू दिले तर नाही मिळाली. मग जितक्या घटका आवाज होई, तितक्या गाठी त्या घराच्या दारावर टांगलेल्या दोरीला मारायच्या. पुढे त्या घरात कोणी आजारी पडले, बाळ जन्मले, किंवा कोणाला नुसते स्वस्थ पडावेसे वाटले, तरी घरच्यांनी सांगायचे, आज आमची शांतता परत दे. आवाज करणाऱ्याने हातातले काम खाली ठेवायचे. एक घटका गेली की एक गाठ सुटे. वेळ घराने निवडायची. आणि न विचारता आवाज केला तर गाठी दुप्पट.

नगराच्या चौकीवर एक घटकेकर असे. भोक पाडलेली तांब्याची वाटी तो पाण्यावर सोडी. वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटे. परवान्याचा बिल्लाही तोच देई. देण्याआधी तो पाण्याने भरलेली थाळी घेऊन निघे, आवाज सुरू करायला लावी आणि थाळी एकेका उंबऱ्यावर ठेवी. जिथवर थाळीतले पाणी थरथरे, तिथवरच्या सगळ्या घरांना विचारायचे. यात राजालाही सूट नव्हती.

त्या साली नगराच्या वरच्या अंगाला तलावाचा बांध नव्याने घातला जात होता. जुना बांध आदल्या पावसाळ्यात फुटला आणि खालच्या पेठेतली चाळीस घरे वाहून गेली. नवे काम सिदोजी पाथरवटाकडे होते. साठीचा माणूस. बोलणे कमी. त्याची लेक त्याच खालच्या पेठेत नांदत होती. आदल्या वर्षी ती दोन पोरांना घेऊन रात्रभर वडावर बसली होती म्हणून वाचली.

सिदोजीची एक पद्धत होती. दगड बसवण्याआधी तो त्यावर कान टेकवी आणि लहान हातोडीने टोला देई. चांगला दगड खणखणतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. न ऐकलेला दगड सिदोजीने जन्मात कुठे बसवला नव्हता.

बांधाच्या टोकाला एकच घर होते. ठकूबाईचे. ही तांबटाची विधवा. नवरा गेल्यावर चाळीस वर्षे तिने स्वतः तांबे ठोकले, हाताखाली बारा माणसे वागवली, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरी झाली. ओठ पाहून तिला बोलणे कळे.

कामाच्या पहिल्या दिवशी सिदोजी तिच्या दारी गेला. बरोबरचे गडी हसले. बहिरीला काय विचारायचे, असे म्हणाले.

सिदोजी म्हणाला, “उंबरा बहिरा नाही.”

त्याने हातोडा उंबऱ्यावर ठेवला. ठकूबाईने तो उचलला, हातात तोलून पाहिला आणि परत देताना म्हणाली, “दांडा सैल आहे. बदल.”

सिदोजीने दांडा बदलला. दिवसभरात जेवढ्या घटका ठोके पडत तेवढ्या गाठी तो संध्याकाळी तिच्या दोरीला मारी. ठकूबाईला दुपारी झोपायची सवय होती. तेव्हा ती आपली शांतता मागे, गडी सावलीत पडत, आणि गाठी सुटत. असे करत काम संपत आले तेव्हा सिदोजीचे तिला काही देणे राहिले नव्हते.

बांधाला पैसा नगरशेट दौलतशेटचा होता. बांध पुरा होणार म्हणून त्याने उत्सव मांडला. वैशाख शुद्ध षष्ठीपासून दशमीपर्यंत, रोज दहा घटका, चाळीस ढोल. त्याचा कारभारी टिपरू घेऊन गल्लोगल्ली फिरला. मागे बुंदीच्या लाडवांची टोपली. लोकांनी टिपरू उचलून दिले, लाडू घेतले, आणि पाच दिवसांच्या गाठी मारायच्या आधीच माफ करून टाकल्या. शेटजींकडून कसली शांतता मोजून घ्यायची, असे जो तो म्हणाला.

शेवटी कारभारी बांधाच्या टोकाला पोचला. ऊन झाले होते. टोपलीत एकच लाडू उरला होता. बहिरीला ढोल काय आणि टाळ काय, असे म्हणून तो अर्ध्या वाटेवरून वळला आणि लाडू त्याने स्वतः खाल्ला.

चौकीवर येऊन त्याने सांगितले, सगळी घरे झाली. घटकेकराने शब्द मानला आणि बिल्ला दिला. त्या दिवशी तो थाळी घेऊन निघालाच नाही.

आता दशमी. बांधाच्या मोरीवर माथ्याचा एकच दगड बसायचा राहिला होता. सगळ्या पाण्याचा भार त्यावर येणार. सिदोजीने त्यासाठी एक साधा दगड कधीच ऐकून, घडवून ठेवला होता. पण त्या सकाळी दूरच्या खाणीतून दौलतशेटचा दगड आला. त्यावर वेलबुट्टी आणि मधोमध शेटचे नाव. गाडीवानाने तो उतरवला आणि सिदोजीच्या नजरेला नजर न देता बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

सिदोजीच्या मनात पाल चुकचुकली. त्याने कान टेकवला, टोला दिला. ऐकू काय येणार? खालच्या मैदानात चाळीस ढोल चालू होते. एरवी ढोलवाले मध्ये विसावा घेत, तेवढ्यात त्याने बाकीचे दगड तपासले होते. पण आज शेवटचा दिवस. आज विसावा नव्हता.

तो दौलतशेटकडे गेला आणि थोडा वेळ ढोल थांबवायला सांगितले.

दौलतशेट लोडाला टेकून बसला होता. तो म्हणाला, “माझ्याकडे बिल्ला आहे, सिदोजी. नियमानं वाजतंय. नियमाचा पुळका तर तुलाच.”

सिदोजी म्हणाला, “दगड ऐकल्याशिवाय मी बसवत नाही.”

“मग बसवू नकोस. दिवेलागणीचा मुहूर्त आहे. तोवर माझ्या नावाचा दगड चढला नाही, तर दुसरा पाथरवट उभा आहे. तो डोळ्यांनी बघतो, तेवढं त्याला पुरतं.”

सिदोजी चौकीवर गेला. घटकेकराने ऐकून घेतले आणि मान हलवली. दिलेला बिल्ला मला मोडता येत नाही, तो म्हणाला. पण ज्याच्या दारी शेटच्या गाठी असतील, तो आत्ता शांतता मागू शकतो.

सिदोजी दारोदार फिरला. सगळ्या दोऱ्या मोकळ्या होत्या. कोणी दार लावून घेतले. एक बाई ओशाळून म्हणाली की डब्यात अजून चार लाडू आहेत, आता कुठल्या तोंडाने मागू. खालच्या पेठेत त्याच्या लेकीच्या दारची दोरीही मोकळी होती. तिच्या सासऱ्याने ती मोकळी केली होती. लेक खाली बघत उभी राहिली. सिदोजी पुढच्या दाराकडे वळला.

ऊन कलले. तो परत बांधावर आला. काम सोडायचे तर हत्यारे गोळा करायला हवीत. हातोडा घेऊन तो ठकूबाईच्या उंबऱ्यावर टेकला. ती बाहेर आली, त्याचे तोंड पाहिले आणि काय झाले म्हणून विचारले. त्याने ढोलांकडे बोट केले, मग दगडाकडे, मग कानाकडे.

ठकूबाई म्हणाली, “ढोल होय. पाच दिवस माझ्या हंड्यातलं पाणी नाचतंय. भिंतीतून हादरे येतात. दुपारी डोळा लागत नाही. मला वाटलं, भूकंप आहे.”

सिदोजीने वर पाहिले. “ठकूबाई, तुझ्या उंबऱ्यावर टिपरू कोणी ठेवलं होतं का?”

“माझ्याकडे कोण येतंय? तुझ्याखेरीज इथं कुत्रंही फिरकत नाही.”

सिदोजी उठला.

थोड्याच वेळात घटकेकर थाळी घेऊन ठकूबाईच्या दारात उभा होता. दौलतशेट आला, कारभारी आला, निम्मे नगर मागोमाग आले. कारभाऱ्याने कबूल केले की इथे तो पोचला नव्हता. पण ही ठार बहिरी आहे, तो म्हणाला, हिची शांतता मोडणार कशी? दौलतशेट हसला. लोकही हसले. ठकूबाई सगळ्यांचे ओठ बघत होती.

ती दौलतशेटला म्हणाली, “तुझ्या बारशाची घागर मी ठोकली रे. तुझी आई बाळंतीण होती म्हणून बारा दिवस माझे हातोडे बंद ठेवले होते. तेव्हा तुला तरी कुठं काय कळत होतं? तरी तुझी झोप तुझीच धरली. मी ऐकत नाही म्हणून तू विचारलं नाहीस. आंधळ्याच्या घरात चोरी करायला दिवसा शिरशील काय?”

कोणी हसले नाही.

घटकेकराने थाळी उंबऱ्यावर ठेवली. मैदानात ढोल चालूच होते. पाणी नुसते थरथरले नाही, काठावरून उडून ठकूबाईच्या पायांवर पडले.

घटकेकर म्हणाला, “चूक माझी. मी त्या दिवशी थाळी घेऊन निघालो नाही, कारभाऱ्यानं सांगितलं ते धरलं. याबद्दल मला जी शिक्षा असेल ती मी नगरापुढं घेईन. पण घर मोजात येतं. पाच दिवसांच्या पन्नास घटका. न विचारल्या म्हणून शंभर.”

त्याने स्वतः बसून ठकूबाईच्या दोरीला शंभर गाठी मारल्या.

दौलतशेट म्हणाला की ठीक आहे, उत्सव झाला की फेडू. घटकेकर म्हणाला, वेळ घराची.

ठकूबाईने सूर्याकडे पाहिले. “मला आत्ता तीन घटका दे. सिदोजीला दगड ऐकायचा आहे.”

दौलतशेटचा चेहरा लाल झाला. पण नियम त्याच्या आजोबांनीही पाळला होता, आणि सगळे नगर बघत होते. त्याने हात वर केला. ढोल थांबले.

घटकेकराने वाटी पाण्यावर सोडली.

आधी लोकांना काही कळेना. पाच दिवस कानांत भरलेला आवाज हळूहळू उतरला. मग पारवे घुमताना ऐकू आले. कुठेतरी पाळणा करकरत होता. कोणी सांगितले नव्हते, तरी तांबटांनी आपापले हातोडे खाली ठेवले. गाडीवानाने बैलांच्या घुंगरांत गवत कोंबले.

सिदोजी दगडापाशी डोळे मिटून बसला. टोला देईना. पहिली वाटी बुडाली तरी तो तसाच. कारभारी कुजबुजला, म्हातारा झोपला. पण सिदोजी कान रिकामे होण्याची वाट पाहत होता. दुसरी वाटी सोडली तेव्हा त्याने डोळे उघडले, हातोडी ठकूबाईच्या पायांशी ठेवली. तिने ती उचलून त्याच्या हातात दिली.

त्याने दगडाच्या एका टोकाला टोला दिला. दगड खणखणला. दुसऱ्या टोकाला दिला. खणखणला. मग मधोमध, जिथे नाव कोरले होते तिथे.

बद्द.

सिदोजीने कोळशाने तिथे रेघ ओढली.

दौलतशेट म्हणाला, “मला तर दगडासारखाच वाजला.”

सिदोजीने हातोडी त्याच्याकडे दिली. “तुम्हीच वाजवा, शेटजी. आधी साधा. मग तुमचा.”

दौलतशेटने जन्मात हातोडी धरली नव्हती. त्याने साध्या दगडावर टोला दिला आणि कान दिला. मग आपल्या नावावर दिला. मग पुन्हा साध्यावर, पुन्हा नावावर. चौथ्या टोल्याला त्याचा हात खाली आला.

सिदोजीने छिन्नी रेघेवर धरली आणि मोठ्या हातोड्याचा एकच घाव घातला. दगड दुभंगला. अर्धे नाव इकडे, अर्धे तिकडे. आत आधीचीच चीर होती, तिच्यात घाटातली तांबडी धूळ शिरली होती. गाडीवान पुढे आला आणि हात जोडून म्हणाला की घाटात चाक खड्ड्यात गेले, दगड गाडीवरून पडला होता. वरून काही दिसले नाही म्हणून तो बोलला नव्हता.

खालच्या पेठेतले लोक त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. सिदोजीची लेक पुढे आली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली.

तिसरी वाटी पाण्यावर होती. दिवेलागण जवळ आली होती. सिदोजीने साधा दगड चढवायला वीस गडी लावले. एकाने सवयीने हैसा म्हणायला तोंड उघडले, तसा घटकेकराने हात वर केला. घटका अजून चालू होती. आणि एका तालात जोर लावल्याशिवाय एवढा दगड हलणार कसा? गडी एकमेकांकडे बघू लागले.

तेव्हा ठकूबाई बांधावर चढली. चाळीस वर्षे तिने बारा तांबटांना हाताच्या खुणेवर चालवले होते. तिने दोन्ही हात वर केले. वीसही माणसांनी दोर ताणले. तिचे हात खाली आले, दगड वर उचलला गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. बोट डावीकडे, दगड डावीकडे. सगळे नगर श्वास रोखून बघत होते आणि कोणाच्या तोंडून शब्द नव्हता. दगड मोरीवर गेला, टेकला, बसला. सिदोजीने शेवटचा टोला दिला. तो खणखणाट खालच्या पेठेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

वाटी बुडाली. घटकेकराने मान हलवली. मग जो गजर झाला, तो चाळीस ढोलांना जमला नसता.

मृगात पाऊस आला, आर्द्रात वाढला, श्रावणात तलाव काठोकाठ भरला. पाणी बांधाला महिनाभर धडका देत होते. बांधातून थेंब पाझरला नाही. त्या पावसाळ्यात खालच्या पेठेत कोणी वडावर चढले नाही.

तात्पर्य आधीच सांगून ठेवतो, पुढे बोलायला जागा नाही: ज्याला आपण मोजात धरत नाही, त्याच्याच दारी आपले सर्वांत मोठे देणे साठलेले असते. म्हणून विचारत निघावे तर शेवटच्या घरापर्यंत जावे.

श्रावण वद्य सप्तमीला दौलतशेट ठकूबाईच्या दारी आला. या वेळी टिपरू त्याच्या स्वतःच्या हातात होते. भरल्या तलावाचा उत्सव करायचा होता. त्याने टिपरू उंबऱ्यावर ठेवले. ठकूबाईने ते उचलले नाही. तिने दाराच्या दोरीकडे बोट केले. सत्त्याण्णव गाठी होत्या.

दौलतशेट म्हणाला की उद्यापासून कारभाऱ्याला बसायला पाठवतो.

ठकूबाई म्हणाली, “ढोल तुझे. बसायचंस तू.”

तो तिथेच बसला. त्या दिवसापासून रोज दुपारी नगरशेट एकटा यायचा, रिकाम्या हातांनी उंबऱ्याशी दोन घटका गप्प बसायचा, दोन गाठी सोडायचा आणि जायचा. ठकूबाई आत झोपायची. टिपरू जागचे हलले नाही. पहिले काही दिवस लोक बघायला जमत, मग जमेनासे झाले.

दसऱ्याला एकच गाठ उरली होती. खाली मैदानात चाळीस ढोलवाले ढोल मांडून उभे होते. दौलतशेट येऊन बसला. घटका सरली. त्याने गाठ सोडली आणि दोरी हाताने सरळ केली.

ठकूबाईने उंबऱ्यावरचे टिपरू उचलले आणि त्याच्या हातात दिले.